'कारण सापडलं नाही' : एनटीएसबी आणि ७३७च्या रडरचा आठ वर्षांचा शोध

नीलपंख

मंडळी, अहमदाबादच्या अपघातानंतर घरी, सोसायटीत, लग्नकार्यात, जिथे जाईन तिथे मला एकच प्रश्न विचारला गेला. "तुम्ही विमानांवर काम केलंय ना, मग सांगा, चूक कोणाची?" विमान-देखभालीत, हायड्रॉलिक्सच्या शॉपमध्ये माझी सव्वीस वर्षं गेली, आता निवृत्त आहे. त्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. पण चांगला तपास त्या प्रश्नापासून सुरूच होत नाही, हे मला मनापासून सांगायचंय आणि ते पंगतीत बसून दोन मिनिटांत सांगता येत नाही. म्हणून हा धागा. ज्या भागाला मी आयुष्यभर हात लावला, त्याचीच ही गोष्ट आहे.

३ मार्च १९९१. युनायटेड एअरलाइन्सचं उड्डाण क्रमांक ५८५, बोइंग ७३७-२००, अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला उतरत होतं. आकाश स्वच्छ, पण डोंगराकडून वारा जोराचा. धावपट्टीच्या दिशेने वळत असताना विमान अचानक उजवीकडे कलंडलं आणि काही सेकंदांत नाकावर एका बागेत आदळलं. आतले २५च्या २५ जण गेले.

तपास एनटीएसबीकडे गेला. ही अमेरिकेची राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा संस्था, स्थापना १९६७. सुरुवातीला ती तिथल्या वाहतूक खात्याच्या छत्राखाली होती. पण त्याच खात्याच्या नियमांत किंवा देखरेखीत खोट निघाली, तर ती बोलून कोण दाखवणार? म्हणून १९७४च्या कायद्याने तिला खात्यापासून पूर्ण वेगळं काढलं. नियम करणारी आणि परवाने देणारी संस्था वेगळी, ती एफएए. एनटीएसबीला कोणाला दंड करता येत नाही, कोणाचा परवाना काढून घेता येत नाही. ती शोधते, लिहिते आणि शिफारस करते.

तर एकवीस महिने तपास चालला आणि डिसेंबर १९९२मध्ये अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की निर्णायक पुरावा न मिळाल्याने कारण ठरवता आलेलं नाही. शक्यता दोन दिसतात. एक, रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या यंत्रणेतला बिघाड. दुसरी, डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याचा आडवा भोवरा.

माझ्या मते त्या संस्थेने लिहिलेल्या सगळ्यात धाडसी पानांपैकी हे एक. दोन्ही वैमानिक गेलेले होते. "वैमानिकाचं नियंत्रण सुटलं" असं लिहून फाइल बांधणं किती सोपं होतं! गेलेला माणूस हरकत घ्यायला येत नाही. त्यांनी तसं केलं नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच घडू शकलं.

८ सप्टेंबर १९९४. यूएसएअरचं उड्डाण ४२७, बोइंग ७३७-३००, शिकागोहून पिट्सबर्गकडे. संध्याकाळी सातच्या सुमाराला ६००० फुटांवरून विमान डावीकडे कलंडलं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत जमिनीवर आदळलं. १३२ जण गेले, एकही वाचला नाही.

आता ब्लॅक बॉक्सबद्दल. सगळ्यांना वाटतं, डबा सापडला की उत्तर सापडलं. ५८५च्या डब्यात पाचच गोष्टींची नोंद होत होती, ४२७च्या डब्यात तेरा. रडर कुठे वळलं होतं, वैमानिकाचा पाय कोणत्या पेडलवर होता, हे दोन्हींत नव्हतं. मग त्यांनी उलटा हिशोब मांडला. विमानाचं तोंड दर सेकंदाला किती फिरलं ते नोंदलेलं होतं. तेवढं फिरायला रडर किती वळलं असलं पाहिजे? उत्तर आलं : जाईल तेवढं, शेवटपर्यंत, डावीकडे.

पुढे दुसरं विमान चाललं होतं, एक ७२७. त्याने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात ४२७ शिरलं होतं. हा भोवरा एवढं करू शकतो का हे पाहायला १९९५मध्ये खरोखरीचं ७२७ पुढे उडवलं, त्याच्या पंखांच्या टोकांना धूर सोडणारी यंत्रं लावली आणि मागून ७३७ त्या धुरात पुन्हा पुन्हा घातलं. ध्वनिमुद्रणात ऐकू आलेले धप्प धप्प आवाज जुळले. पण विमान दर वेळी सहज सावरलं. भोवऱ्याने धक्का दिला होता, पाडलं नव्हतं.

आणि एक गोष्ट, जी वाचताना मी पुस्तक मिटून बसलो होतो. विमान सहवैमानिक चालवत होता. त्या शेवटच्या सेकंदांत त्याने जोर लावताना काढलेले कण्हल्यासारखे आवाज कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहेत. तपासनीसांनी ते आवाज आणि श्वास बोलण्यापासून वेगळे काढले आणि सेकंदा-सेकंदाशी जुळवले. माणूस नेहमीपेक्षा फार मोठ्या विरोधाशी झुंजतो तेव्हाच असा श्वास लागतो. म्हणजे पायाखालचं पेडल त्याचं ऐकत नव्हतं.

पुढचं प्रतिसादात लिहितो, बसून बसून पाठ धरलीय.

---

सावनी_ना

श्वासाचा भाग वाचून काटा आला अंगावर. पुढचं लवकर लिहा काका, वाचतेय.

---

गोदाकाठ

उत्तम धागा. एक मूलभूत शंका. रडर एवढं ताकदवान असतं का की विमान उलटं करेल? मला वाटायचं वळायला पंखच कलवतात.

---

नीलपंख

@गोदाकाठ, बरोबर आहे तुमचं, नेहमीच्या उड्डाणात वळण पंखांनीच घेतात. रडर लागतं ते आडव्या वाऱ्यात उतरताना किंवा एक इंजिन बंद पडलं तर. पण रडर पूर्ण वळलं की एक पंख दुसऱ्यापेक्षा वेगाने पुढे जातो, त्याला उचल जास्त मिळते आणि विमान कलंडतं. वेग पुरेसा असेल तर पंखांवरची हलती पाती, म्हणजे एलेरॉन्स, ते कलंडणं थोपवतात. एका ठरावीक वेगाखाली मात्र एलेरॉन्स पूर्ण फिरवली तरी रडरच जिंकतं. ४२७चा वेग तेव्हा १९० नॉट्स (ताशी सुमारे ३५० किमी) होता, नेमका त्या सीमेवर.

आता व्हॉल्व्ह. ७३७च्या रडरला तेलाच्या दाबाने हलवणारं एकच मुख्य युनिट होतं आणि त्याच्या पोटात एक सर्वो व्हॉल्व्ह, तेल कोणत्या बाजूला जायचं ते ठरवणारा. शीतपेयाच्या डब्याएवढा. त्यात एकात एक बसणाऱ्या दोन सरकत्या नळ्या, म्हणजे स्लाइड, आतली आणि बाहेरची. हेतू चांगला होता, एक अडकली तर दुसरीने काम चालवावं.

या स्लाइड हातात घेतल्याशिवाय कळत नाहीत. शॉपमध्ये असल्या जोड्या आम्ही एकमेकांपासून कधी वेगळ्या ठेवत नसू. स्लाइड स्वच्छ तेलात बुडवून स्लीव्हच्या, म्हणजे ती ज्यात बसते त्या नळीच्या तोंडाशी धरली की ती स्वतःच्या वजनाने सावकाश आत उतरते, दुधात बिस्किट बुडावं तशी. आणि तीच स्लाइड दोन मिनिटं मुठीत धरली तर हाताच्या उबेने इतकी फुगते की तोंडाशीच अडते. डोळ्यांना काही दिसत नाही. थंड होऊ दिली की पुन्हा उतरते, आणि धातूवर ओरखडाही नसतो. नवीन पोरांना मी हे पहिल्या दिवशी करून दाखवायचो.

९ जून १९९६ला ईस्टविंड एअरलाइन्सचं उड्डाण ५१७, पुन्हा ७३७, रिचमंडजवळ असंच अचानक उजवीकडे खेचलं गेलं. वेग २५० नॉट्सच्या आसपास होता, म्हणून एलेरॉन्सनी तोलून धरलं आणि विमान सुखरूप उतरलं. आतले सगळे ५३ जण जिवंत. पहिल्यांदाच सांगायला वैमानिक होते, आणि विमान अखंड हाताशी होतं.

त्याच वर्षी चाचणी झाली. ४२७च्या ढिगाऱ्यातून काढलेलं युनिट गोठवून थंड केलं आणि त्यात एकदम तापलेलं हायड्रॉलिक तेल सोडलं. स्लाइड अडकली. माझ्या मुठीतल्या स्लाइडसारखीच, स्लाइड आधी फुगली आणि तिच्या बाहेरचं आवरण अजून थंड. त्या चाचणीची आकडेवारी चाळताना बोइंगच्याच एका अभियंत्याच्या लक्षात आलं की बाहेरची स्लाइड अडकली असताना आतली गरजेपेक्षा पुढे सरकते, तेलाची वाट उलटी होते आणि रडर वैमानिकाने मागितलं त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला जातं. उजवं पेडल दाबायचं आणि रडर डावीकडे. जितकं जोरात दाबाल तितकं घट्ट.

आता तो श्वास पुन्हा आठवा.

२४ मार्च १९९९ला ४२७चा अहवाल स्वीकारला गेला. त्यातही त्यांनी "बहुधा असं झालं" हाच शब्द ठेवला, कारण अडकलेली स्लाइड मागे खूण सोडत नाही. आणि २००१मध्ये ५८५ची जुनी फाइल उघडून, "कारण सापडलं नाही" खोडून, नवा अहवाल काढला.

---

चाकणचा_फिटर

दादा, मी विमानात एकदाच बसलोय, पण हे वाचून राहवत नाही. मी एका कारखान्यात प्रेस शॉपला होतो. नाव नको. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात आत राहत नाही. एका पोराची दोन बोटं गेली. चौकशी झाली, साहेब आले, फोटो काढले. पहिला प्रश्न, "शिफ्ट कोणाची?" कागदावर आलं, "कामगाराचा निष्काळजीपणा". पोराने सही केली, डाव्या हाताने.

एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं होतं. ते खरं. पण का, हे कोणी विचारलं नाही. तासाला जेवढे नग मागत होते तेवढे दोन हात वापरून निघतच नव्हते. चिकटपट्टी त्या पोराने लावली नव्हती, त्याच्या आधीपासून होती, आम्हा सगळ्यांना माहीत होती. पोरगा गेला गावाला. चिकटपट्टी आठ दिवसांनी परत लागली.

तुम्ही लिहिलंत ना, तपास त्या प्रश्नापासून सुरू होत नाही. तेवढ्यासाठी लिहिलं.

---

नीलपंख

@चाकणचा_फिटर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझ्या अख्ख्या लेखापेक्षा यात जास्त आहे. "चिकटपट्टी का होती" हाच तपास.

---

विदर्भी

मी नागपूरचा. आमच्याकडे हा विषय निघाला की कोझिकोडच आठवतं. ७ ऑगस्ट २०२०, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं १३४४. कॅप्टन दीपक साठे आमच्या गावचे, हवाई दलातले माजी विंग कमांडर. विमानात १९० जण होते, २१ गेले, दोन्ही वैमानिक त्यांत. तेव्हा सगळ्या नागपूरने हळहळ केली. वर्षभराने आपल्या विमान अपघात तपास ब्युरोचा, म्हणजे एएआयबीचा अहवाल आला आणि त्यात वैमानिकाने ठरलेली पद्धत पाळली नाही असं लिहिलं. आमच्या कितीतरी लोकांना ते फार लागलं. मलाही. तुम्ही म्हणता तपास दोष देत नाही, मग हे काय?

---

नीलपंख

@विदर्भी, प्रश्न अगदी रास्त आहे आणि अवघडही. त्या गृहस्थांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मी तो अहवाल पूर्ण वाचलाय, माझं वाचन सांगतो.

त्यात संभाव्य कारण म्हणून स्पष्ट लिहिलंय की अवतरण स्थिर नव्हतं, विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट आत जाऊन टेकलं आणि सहवैमानिकाने "गो अराउंड" म्हणूनही ते पुन्हा उचललं गेलं नाही. हे नोंदीतून दिसतं, त्यामुळे लिहावंच लागतं. पण अहवाल तिथे थांबत नाही. पाऊस होता, आणि पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला. दुसऱ्यांदा दुसऱ्या टोकाने उतरताना वारा पाठीमागून होता. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्यांनाच न्यायचं होतं आणि त्या तळावर कॅप्टन पुरेसे नव्हते, म्हणजे तिथेच उतरण्याचा अदृश्य दाब होता. सहवैमानिकाला ज्येष्ठाच्या हातून नियंत्रण घेणं का जमलं नाही, यावरही आहे. व्यवस्थेतल्या त्रुटींचा वाटा नजरेआड करता येणार नाही असं नमूद केलंय आणि शेवटी ४३ शिफारशी आहेत. त्यांतली एकही कॅप्टनला उद्देशून नाही, कशी असेल? सगळ्या मागे राहिलेल्यांसाठी आहेत.

पेपरात पहिली ओळ आली. त्या ४३ आल्या नाहीत. दुखावलं ते त्यामुळे, असं मला वाटतं.

---

विदर्भी

अहवाल मी वाचला नव्हता, बातमीच वाचली होती. आता वाचतो. आभार.

---

मेघा_प

थोडा वेगळा सूर लावते. मी वकील आहे. आपल्याकडचे २०१७चे तपासाचे नियमही सांगतात की उद्देश फक्त पुढचे अपघात टाळणे, दोष किंवा जबाबदारी ठरवणे नाही. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिकागो करारातल्या परिशिष्ट १३मधूनच ते आलंय. अमेरिकेत तर एनटीएसबीचा अहवाल भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखलच करता येत नाही, तसा कायदाच आहे. ही भिंत हवीच, नाहीतर मेकॅनिक, वैमानिक, कंट्रोलर कोणीच खरं सांगणार नाही.

पण माझा आक्षेप स्वातंत्र्यावर आहे. आपली एएआयबी २०१२मध्ये डीजीसीएपासून, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयापासून वेगळी झाली, हे पाऊल मोठंच. त्याआधी नियम करणारेच बरेचसे तपासही करत. पण आजही ती त्याच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. अमेरिकेने जे १९७४मध्ये ओळखलं ते आपण अर्धंच केलंय. संसदेला थेट उत्तरदायी अशी संस्था व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

---

गोदाकाठ

मेघाताईंशी पूर्ण सहमत. आणि एक शंका अमेरिकेबद्दलही. बोइंगचा अभियंता तपासात काय करत होता? ज्याचं यंत्र, तोच तपासात?

---

नीलपंख

@गोदाकाठ, यावर खूप वाद झालेत. तिथे विमान कंपनी, उत्पादक, वैमानिकांची संघटना, एफएए या सगळ्यांना तपासात "पक्ष" म्हणून घेतात. वकील, विमा कंपन्या आणि वार्ताहर यांना मज्जाव. कारण साधं आहे, त्या व्हॉल्व्हची चित्रं आणि मापं बनवणाऱ्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक. पण विश्लेषण आणि निष्कर्ष लिहिताना पक्षांना बाहेर ठेवतात. आपापलं म्हणणं लेखी द्यायचं, बस. ४२७मध्ये बोइंगचं म्हणणं अखेरपर्यंत वैमानिकाच्या पायाकडे बोट दाखवणारं होतं, वैमानिक संघटनेचं व्हॉल्व्हकडे. एनटीएसबीने दोन्ही वाचलं आणि स्वतःचं लिहिलं. धोका आहेच. पण उलटी दिशा पहिल्यांदा दिसली ती उत्पादकाच्याच माणसाला, आणि ती पुढे आली, हेही विसरता येत नाही.

मेघाताई, तुमच्याशी मी सहमत आहे. माणसं चांगली असून भागत नाही, त्यांच्या वर कोण बसलंय ते महत्त्वाचं.

---

डलेसचा_शेजारी

मी ॲशबर्न, व्हर्जिनियात राहतो. इथे मराठी मंडळी भरपूर. एनटीएसबीचं प्रशिक्षण केंद्र आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. टीडब्ल्यूए ८०० हे ७४७ जुलै १९९६मध्ये न्यूयॉर्कजवळ समुद्रावर फुटलं, २३० जण गेले. समुद्रातून काढलेले तुकडे जोडून विमानाचा मोठा भाग पुन्हा उभा केला होता, तो सांगाडा कित्येक वर्षं याच इमारतीत होता. सामान्य माणसाला बघायला परवानगी नव्हती. ते प्रदर्शन होणार नाही, फक्त शिकवायला वापरायचं, असा शब्द कुटुंबीयांना दिलेला होता. २०२१मध्ये त्याचा वापर कायमचा थांबवला आणि तो मोडायला काढला. मी रोज त्या रस्त्याने जायचो आणि आत काय आहे हे माहीत असल्याने गाडीतला रेडिओ आपोआप बंद करायचो.

शिफारशींबद्दल लिहायचं राहिलं. मधल्या टाकीतल्या इंधनाच्या वाफेने स्फोट झाला होता. टाकीत ज्वलनशील वाफ राहू नये, अशी शिफारस त्यांनी १९९६च्या डिसेंबरमध्येच केली. एफएएचा नियम यायला २००८ उजाडलं.

---

सावनी_ना

बारा वर्षं?! मग शिफारशीला अर्थ काय राहिला?

---

नीलपंख

@सावनी_ना, हीच या व्यवस्थेची दुखरी नस. शिफारशीला वाहतूक खात्याने नव्वद दिवसांत लेखी उत्तर द्यायचं एवढं बंधन आहे, मान्य करायचं नाही.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण डीसी-१० या प्रवासी विमानाचं. १९७२मध्ये कॅनडातल्या विंडसरवर उडताना एका डीसी-१०चा सामानाचा दरवाजा हवेत उघडला. खालचा दाब एकदम गेला, वरच्या केबिनची जमीन खचली. वैमानिकांनी कसंबसं उतरवलं, सगळे वाचले. एनटीएसबीने लगेच लिहिलं की कुलपाची रचना बदला आणि केबिनच्या जमिनीत हवा जायला झरोके ठेवा. एफएएने सक्तीचा आदेश काढला नाही, उत्पादकाशी समजुतीने घेतलं. ३ मार्च १९७४ला तसाच दरवाजा पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१०चा उघडला. ३४६ जण. उत्तर लिहून तयार होतं.

रडरच्या बाबतीत मात्र झालं. व्हॉल्व्ह बदलले गेले, आणि २००२मध्ये एफएएने ७३७ची रडर नियंत्रण यंत्रणाच बदलण्याचा आदेश काढला. ब्लॅक बॉक्समध्ये किती गोष्टी नोंदायच्या ती यादीही वाढली. अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात इंधनाच्या स्विचची हालचाल सेकंदाच्या हिशोबाने लिहिता आली ती अशाच जुन्या शिफारशींच्या वाटेने.

---

गोदाकाठ

अहमदाबादचा विषय निघालाच आहे तर विचारतो. त्या अहवालातलं कॉकपिटमधलं एक वाक्य वाचून टीव्हीवर निकाल लागला होता. तुमचं मत?

---

नीलपंख

प्राथमिक अहवाल तीस दिवसांत यायचा असतो, १२ जुलै २०२५ला आला. त्यात कारण नसतं, नसायलाच हवं. जे दिसलं ते मांडायचं, इतकंच. २६० जीव गेलेत. एका वाक्यावरून एखाद्या गेलेल्या माणसाबद्दल मी काही बोलणार नाही, आणि माझ्या धाग्यावर कोणी बोलू नये अशी हात जोडून विनंती आहे. १९९४मध्ये पिट्सबर्गच्या विमानाबद्दलही वैमानिकाचा पाय हे उत्तर किती सरळ दिसत होतं, ते वर लिहिलंच आहे.

---

चाकणचा_फिटर

दादा, एक विचारायचं होतं. त्या पहिल्या विमानातल्या माणसांच्या घरच्यांना दहा वर्षांनी नवा कागद मिळाला. त्याचा त्यांना काही उपयोग?

---

नीलपंख

त्यांच्या मनातलं मी कसं सांगू. पण वैमानिकांच्या घरांपुरतं बोलायचं, तर १९९१पासून त्या घरातल्या मुलांना कोणी ना कोणी विचारलं असेलच, "तुमच्या घरच्यांची चूक होती का?" पहिल्या अहवालाने "माहीत नाही" असं उत्तर दिलं होतं. दुसऱ्यात लिहिलंय की रडर बहुधा वैमानिकांनी दिलेल्या हुकमाच्या उलट फिरलं.

तुमच्या त्या पोराचा पत्ता अजून आहे का तुमच्याकडे?

---

चाकणचा_फिटर

गाव माहीत आहे. दिवाळीला जातो.